वेलोंजाराची माफी

वेलोंजारानं उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, पण माफी मात्र त्याच्याइतकी बेटाच्या पूर्वेकडच्या अख्ख्या रानपट्ट्यात कुणी मागितली नसेल.

आंबुहिमेना गावात कुणाचं लग्न ठरलं, कुणी वारलं, कुणाच्या घरावर नवे पत्रे चढले, की काबारी करायला बोलावणं त्याला. काबारी म्हणजे खांद्यावर शाल टाकून, चारचौघांत उभं राहून, रीतसर बोलणं. आणि रीतसर बोलायचं म्हणजे आधी माफी. मोठ्यांच्या आधी तोंड उघडलं म्हणून माफी, लहानांना ताटकळत ठेवलं म्हणून माफी, पूर्वजांची झोपमोड झाली म्हणून त्यांची वेगळी माफी. बाकीचे बोलणारे ही माफी चार वाक्यांत उरकत आणि मुद्द्यावर येत. वेलोंजाराला मुद्द्यात कधी गोडीच वाटली नाही.

"मी उभा राहिलो म्हणून मला उंच समजू नका," तो सुरू करी, "इथली जमीनच जरा चढाची आहे. आवाज मोठा वाटला तर तो माझा नव्हे, भिंती जवळ आहेत म्हणून. आणि मी हात हलवले तर कुणाला हाकलतोय असं कृपा करून मनात आणू नका, माशा आहेत." ह्या चालीवर तो अर्धा तास सहज काढी. म्हातारे डोळे मिटून मान डोलवत. बायका भाज्या निवडून घेत.

वुआहिरानाला मागणी घालायला गेला तेव्हा दुसरा कुणी बोलणारा त्याच्या पसंतीला उतरेना, म्हणून नवरामुलगा स्वतःच उभा राहिला. मुलीचा बाप समोर, मुलगी आत चुलीपाशी. अंगणात पाऊल टाकल्याबद्दलची माफी झाली, उंबऱ्याची झाली, चटईची चालू होती, तेवढ्यात आतून ओरडणं ऐकू आलं, "बाबा, हो म्हणून टाका, भात लागतोय!"

बापानं हो म्हटलं. ह्याला एकतीस वर्षं झाली. वुआहिराना अजून सांगते, "मी ह्या माणसाला होकार दिलाच नव्हता. मी भात वाचवत होते."

"मग वाचला का भात?" कुणीतरी विचारतंच.

"कसला वाचतोय! होकाराला उत्तर द्यायचं, तर त्याचीसुद्धा आधी माफी मागत बसले हे."

ही झाली वेलोंजाराची हौस. पोटाचा धंदा निराळा. तो रानात वाटाड्या होता. बाहेरून आलेल्या माणसांना बाबाकोतो दाखवायचा.

बाबाकोतोला माकड म्हणालात तर आंबुहिमेनात तुम्हाला कुणी पाणी विचारणार नाही. काळापांढरा, चार वर्षांच्या पोराएवढा, कान केसाळ, डोळे पिवळट हिरवे आणि शेपटीच्या जागी नुसता बोटभर खुंट. झाडाला माणसासारखा उभा कवळून बसतो आणि उभ्याउभ्याच ह्या खोडावरून त्या खोडावर उडी घेतो. फार मागे गावातला कोतो नावाचा पोर मध काढायला झाडावर चढला, मधमाश्या अंगावर आल्या, हात सुटला, तेव्हा ह्यांच्यातल्याच एकानं त्याला वरच्यावर झेलून पाठीवर घेतलं आणि खाली आणून सोडलं. म्हणून ते बाबाकोतो, कोतोचे बाबा. घरातलंच थोरलं माणूस. त्याला मारायचं नाही, नाव ठेवायचं नाही आणि त्याच्याकडे सरळ बोट तर मुळीच करायचं नाही. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून, पेरानं दाखवायचं.

आता मुडपलेलं बोट नेमकं कुठं दाखवतं हे गावच्या माणसाला कळतं. बाहेरच्याला कळत नाही. कितीतरी पाहुणे वेलोंजाराचं पेर बघून त्याच्याच कोपराकडे दुर्बीण लावून बसलेले आहेत.

पण रान त्याला येत होतं. बाकीचे वाटाडे आवाजामागे धावत. हा धावत नसे. कुठल्या झाडाला पालवी फुटलीय, कुठे लेंड्या ताज्या आहेत, धुकं किती खाली आहे, एवढं बघून एका ओंडक्यावर जाऊन बसे आणि पाहुण्यांना म्हणे, "बसा." तास गेला, दीड तास गेला, की डोक्यावर फांदी हलायची. आधी येणार त्या मालकीणबाई. बाबाकोतोंच्या घरात बाईचा शब्द चालतो. कोवळं पान आधी ती खाणार, नवरा खालच्या फांदीवर आपली पाळी यायची वाट बघत बसणार. मध्येच हात पुढे केला तर थोबाडीत खाणार. वेलोंजाराला हे बघताना नेहमी घरची आठवण येई.

अडचण एकच होती. बसवून ठेवलेल्या पाहुण्यांसमोर गप्प राहणं त्याच्या रीतीत बसत नसे. घरातल्या थोरल्यांच्या दारात आपण आलोय, पाहुण्यांना जळवा चावतायत, ओंडका ओला आहे, ह्या सगळ्याची माफी कुणी मागायची? वाटाड्यांच्या संघाच्या तक्रारवहीत एका परदेशी जोडप्यानं लिहून ठेवलं होतं: 'आमच्या वाटाड्यानं पाऊण तास आमची कळवळून माफी मागितली. त्यानं काय केलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. जे काही असेल ते, आम्ही त्याला क्षमा केली आहे.'

त्यातच वनखात्याच्या कचेरीनं नवा नियम काढला. सगळ्या वाटाड्यांची कार्डं नव्यानं द्यायची, त्याआधी प्रत्येकाची परीक्षा. सकाळी दहाच्या आत परीक्षकाला बाबाकोतो दाखवायचा. परीक्षकानं तो स्वतःच्या डोळ्यांनी, एक पूर्ण मिनिट बघितला पाहिजे. दोनदा संधी. दोन्ही हुकल्या तर कार्ड परत, आणि कार्ड नसलेल्या माणसाला रानाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायला बंदी. पाहुण्यांना घेऊन नाहीच, एकट्यानंही नाही.

पहिली संधी वेलोंजारानं फाटकावरच घालवली. आत शिरण्याआधी पूर्वजांना दोन शब्द सांगायचे असतात. त्याचे दोन शब्द संपले तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि बाबाकोतो पलीकडच्या डोंगरावर गाऊन, खाऊन झोपी गेले होते. परीक्षकानं शेरा मारला, 'प्राणी दिसला नाही. उमेदवार पुष्कळ ऐकला.'

त्या दिवसापासून वेलोंजारा जेवेना. भाताभोवती चमचा फिरवत बसे. वुआहिराना टोमणे मारण्यात कमी करणारी नव्हे, पण एकदा तिनं त्याला परसात उभा बघितला. रानाकडे तोंड करून, ओठ हलवत. माफीच चालली होती, पण आवाज नव्हता. तेव्हा मात्र ती घाबरली.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी ती अंधार सरायच्या आत उठली. तिनं कोबा केला होता, तांदळाचं पीठ, केळं आणि शेंगदाण्याचा कूट केळीच्या पानात गुंडाळून उकडलेला चिवट रोट. त्याचे जाड जाड पाच तुकडे कापून तिनं त्याच्या पिशवीत घातले.

"हे खायला नाहीत," ती म्हणाली.

"मग कशाला?"

"बूच आहेत. तोंडाचं बूच. माफी मागावीशी वाटली की एक तुकडा आत. चावायला वेळ लागेल असाच केलाय, गूळ मुद्दाम जास्त घातलाय. दात चिकटले तर उत्तम."

"अगं, पण पाहुण्यांसमोर तोंडात घास घेऊन..."

"बघा, आत्ताच सुरू झालात! उघडा तोंड."

"हा सहावा?"

"हा वरचा. घरातून बाहेर पडेपर्यंतचा."

फाटकावर ओर्तांस उभी होती, वाटाड्यांच्या संघाची मुख्य आणि नात्यानं वेलोंजाराची पुतणी. संघाच्या वतीनं साक्षीला तिला बरोबर जावं लागे. ठणठणीत आवाजाची, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधणारी बाई. शेजारी परीक्षक, राजधानीहून आलेले रामिहाजा साहेब. उंच, वाळलेले, हनुवटीपर्यंत बटणं लावलेला रेनकोट, काखेत फळी, फळीला फॉर्म. 'सुप्रभात' सोडून त्यांनी काही म्हटलं नव्हतं, आणि तेही इतक्या कोरडेपणानं की ओर्तांसला वाटलं, आपल्यावर काही गुन्हा दाखल होतोय.

"काका," ती कानाशी येऊन पुटपुटली, "दोन वाक्यं. मोजून दोन."

वेलोंजारा फाटकाशी वाकला. "आजोबा-आज्यांनो, आम्ही तिघं येतोय. वाईट हेतू नाही." एवढं बोलून त्यानं कोबाचा पहिला तुकडा अख्खा तोंडात कोंबला आणि चालू लागला. ओर्तांस जागच्या जागी थिजली. पूर्वजांनाही धक्का बसला असेल.

वाटेत एक मोडकं झाड आडवं पडलं होतं. साहेबांना त्याखालून रांगावं लागलं. आता अशा वेळी यजमानानं झाडाच्या वतीनं दोन शब्द नको बोलायला? वेलोंजाराच्या घशात शब्द आले. त्यानं दुसरा तुकडा खाल्ला. ओढ्यापाशी साहेबांच्या मानेवर जळू चढली. ती त्यानं चिमटीत धरून काढली, रक्ताची धार लागली, साहेबांनी रुमाल लावला. वेलोंजाराचे डोळे भरून आले. तिसरा तुकडा.

"हे इतकं का खातायत?" रामिहाजांनी ओर्तांसला विचारलं. सकाळपासूनचं त्यांचं हे दुसरं वाक्य.

"औषध आहे, साहेब," ओर्तांस म्हणाली.

साडेआठला वेलोंजारा एका ओल्या ओंडक्यापाशी थांबला. वर बघितलं, खाली बघितलं, पायानं पाला उकरला. धुकं दाट होतं, थंडी अशी की बोटं वळत नव्हती. "बसा," तो म्हणाला.

ते बसले. पाणी टपटपत होतं. लांबून कुठूनही आवाज नाही. पावणेनऊ झाले. ओर्तांस घड्याळाकडे बघत होती, साहेब फॉर्मकडे बघत होते आणि वेलोंजारा जमिनीकडे. अशा शांततेत एक विचित्र आवाज आला. तिघंही दचकून वर बघायला लागले. पण आवाज वरून नव्हता. रामिहाजा साहेबांचं पोट गुरगुरलं होतं.

साहेब काहीच घडलं नाही असं तोंड करून बसले. पोट परत बोललं.

वेलोंजाराच्या पिशवीत दोन तुकडे होते. पाहुणा भुकेला आहे हे कानांनी ऐकल्यावर ते पिशवीत ठेवणं म्हणजे पाप. द्यायलाच हवेत. आणि नुसतं 'घ्या' म्हणून पुढे करायचे? राजधानीच्या माणसाला? कुत्र्याला हाडूक टाकल्यासारखे? शिवाय ते दिले की बूच संपलं. वुआहिराना एवढी हुशार बाई, पण पाहुण्यालाही भूक लागते हे तिच्या हिशेबातून सुटलं होतं.

वेलोंजारानं तिसऱ्या तुकड्याचा उरलेला घास गिळला. पिशवीतून केळीचं पान काढलं. दोन्ही हातांवर धरलं. आणि तो उभा राहिला.

"काका, नको," ओर्तांस म्हणाली.

"साहेब," वेलोंजारानं सुरुवात केली, "हा कोबा लहान आहे, ह्याबद्दल आधी..."

ओर्तांसनं डोळे मिटून घेतले.

कोबा लहान असल्याची माफी झाली. तो घरी केलेला असल्याची झाली. करणारी बाई इथं हजर नाही आणि तिच्या मागे तिच्या कोबाबद्दल बोललं जातंय, ह्याची झाली. तीन तुकडे साहेबांदेखत आपण एकट्यानं खाल्ले, ह्यावर तर सात मिनिटं गेली, आणि ती खरोखर मनापासूनची होती. मग ओंडक्याची, धुक्याची, जळवेची. आठवडाभर साठलेली माफी होती ती. बांध फुटावा तशी आली. शेवटचं वाक्य बोलून त्यानं मान झुकवून पान पुढे केलं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"संपलं?" ओर्तांसनं विचारलं. "आता गप्प बसूया. अजून पन्नास मिनिटं आहेत. साहेब, तुम्ही तो कोबा घ्या आणि..."

रामिहाजा साहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी फळी ओंडक्यावर ठेवली. रेनकोटचं वरचं बटण काढलं. गळ्यातला मफलर सोडून खांद्यावर शालीसारखा टाकला. त्यांच्या वाळक्या चेहऱ्यावर वेगळाच तजेला आला होता.

"बाईसाहेब," ते ओर्तांसला हळूच म्हणाले, "तीन वर्षांत माझ्यासमोर असं कुणी बोललेलं नाही. कचेरीत सगळे फोनवर नुसती अंगठ्याची चित्रं पाठवतात. ह्याला उत्तर दिलं नाही तर मी माणूस कसला?"

आणि ते सुरू झाले.

"कोबा लहान आहे असं आपण म्हणालात. कोबा लहान नाही, माझी भूक उद्धट आहे. ओंडका ओला आहे म्हणालात. ओंडका आधीपासूनच ओला होता, मी त्याला न विचारता बसलो. जळवेनं मला चावल्याचं आपण मनाला लावून घेतलंत, पण मी तिला न सांगता तिच्या घरात मान घेऊन आलो, त्याचं काय?"

वेलोंजारा भारावून ऐकत होता. काय बोलणं! काय ठेहराव! जळवेची बाजू त्याला स्वतःला कधी सुचली नसती. त्याची मान आपोआप डोलायला लागली.

आणि डोलता डोलता वर गेलेली त्याची नजर तिथंच अडकली.

रामिहाजांच्या पाठीमागे, दोन हातांवर, धुक्यातून एक काळं तोंड बाहेर आलं. मालकीणबाई. पाठीला पोर चिकटलेलं. खोडाला कवळून त्या साहेबांच्या डोक्याच्या उंचीवर उतरल्या, एक फांदी ओढली आणि शांतपणे कोवळं पान चावू लागल्या. पिवळट हिरवे डोळे साहेबांच्या टोपीवर रोखलेले. त्यांच्या खालच्या फांदीवर नवरा येऊन बसला, पाळीची वाट बघत.

ओर्तांसनंही बघितलं. तिनं वेलोंजाराकडे बघितलं. वेलोंजारानं तिच्याकडे बघितलं.

आता करायचं काय? बोलणाऱ्याला मध्ये तोडणं ही आमच्याकडे साधी चूक नव्हे. एकदा तोडलं की आधीची सगळी माफी फुकट जाते, आणि बोलणाऱ्यानं परत पहिल्यापासून सुरू करायचं असतं. साहेब पुन्हा कोबापासून सुरू झाले तर दहा कधीच वाजून गेलेले असणार. बरं, न बोलता बोट करावं, तर थोरल्यांकडे बोट कसं करणार?

वेलोंजारानं बोट मुडपलं आणि पेर पुढे केलं. साहेबांना वाटलं, दाद मिळाली. त्यांनी आवाज चढवला. वेलोंजारानं हनुवटी वर उडवली. साहेबांनी तीही दाद समजून झुकून स्वीकारली आणि राजधानीतून आपण आणलेल्या थंडीची माफी सुरू केली. ओर्तांस खोकली. साहेब थांबले, खोकणाऱ्या पोरीला धुक्यात बसवून ठेवल्याबद्दल माफी मागितली आणि पुढे गेले.

ओर्तांसच्या घड्याळात नऊ चाळीस झाले. मालकीणबाईंचं एक पान संपलं. त्यांनी दुसरं ओढलं. नवऱ्यानं हळूच हात पुढे केला आणि थोबाडीत खाल्ली. वेलोंजाराच्या कपाळावरून घाम निथळत होता. एकतीस वर्षं ज्यांच्या वाटेवर आपण बसलो त्या दोन हातांवर आहेत, बघायचा तो माणूस पाठ करून उभा आहे, आणि इतकं सुंदर बोलतोय की मध्ये तोडायचं धाडस एखाद्या दगडालाही होणार नाही. उद्यापासून फाटकाच्या बाहेर उभं राहून लांबूनच आवाज ऐकायचा. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि मनातल्या मनात थोरल्यांना म्हटलं, 'माफ करा, मला काही सुचत नाही.' तेवढंच. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लहान माफी ती.

"...आणि शेवटी," रामिहाजा म्हणत होते, "शेवटी, म्हणजे सुरुवातीच्या शेवटी, मला एवढंच..."

मालकीणबाईंनी तोंड उघडलं.

आधी एक गर्जना, जाडजूड, पत्र्यावरून पिंप गडगडत यावं तशी. आणि त्यातून लगेच निघालेला तो लांब, चढता, मग ओघळत खाली येणारा सूर. तो कानांनी ऐकायचा नसतोच, बरगड्यांनी ऐकायचा असतो. खालच्या फांदीवरून नवऱ्यानं सूर मिळवला. वरच्या धुक्यातून त्यांच्या मोठ्या मुलीनं. झाडावरचं पाणी खाली सांडलं.

रामिहाजा साहेब गर्रकन वळले. नाकासमोर तोंड होतं. त्यांचं अर्धं वाक्य तसंच हवेत राहिलं, हात तसाच वर राहिला. मग तो हात सावकाश खाली आला आणि जाता जाता त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

तीन मिनिटं ते चाललं होतं. मग थांबलं. सगळं रान कान देऊन बसलं. आणि पलीकडच्या डोंगरावरून दुसऱ्या घरानं उत्तर दिलं, सावकाश, रीतसर, मध्ये कुणालाही न तोडता. मालकीणबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, पोर पाठीवर सरकवलं आणि एका उडीत धुक्यात गेल्या. मागोमाग नवरा. जाताना त्यानं उरलेलं पान तोडून घेतलं.

साहेबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली.

"मला," रामिहाजा शेवटी म्हणाले, "मध्येच तोडलं."

"त्या थोरल्या आहेत, साहेब," वेलोंजारा म्हणाला. "त्यांचा तो मान आहे."

"आहे," साहेब म्हणाले. त्यांनी फळी उचलली. "ओर्तांसबाई, वेळ?"

"नऊ सत्तावन्न," ओर्तांस ओरडली. "दहाच्या आत! आणि एक मिनिट कसलं, तीन मिनिटं!"

"पहिला प्रश्न, प्राणी दिसला का. हो. दुसरा, पूर्ण मिनिट दिसला का. हो." साहेबांची पेन्सिल थांबली. "तिसरा. वाटाड्यानं दाखवला का?"

ओर्तांस वेलोंजाराकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागली, हो म्हणा, हो म्हणा.

वेलोंजारानं मान खाली घातली. "नाही लिहा, साहेब."

"काका!"

"त्यांनी स्वतःच दाखवलं. थोरल्यांचं काम मी माझ्या नावावर कसं लावू? मी नुसता घाम पुसत उभा होतो."

साहेबांनी पेन्सिल फॉर्मवर टेकवली, पण लिहिलं नाही. "ह्याच ओंडक्यावर बसायचं हे कुणी ठरवलं?"

"मी."

"का?"

"ह्या झाडाची पालवी परवा उघडली. मालकीणबाईंच्या पाठीला पोर आहे, गारठ्यात त्या लवकर हलत नाहीत. आधी वरच्या ओढ्याशी खातात, नऊ वाजून गेले की इकडे उतरतात. इथल्या लेंड्या कालच्या आहेत, म्हणजे पान त्यांना आवडलंय, आज परत येणार. शोधत गेलो असतो तर ओढा ओलांडून पलीकडे निघून गेल्या असत्या. बसलं की येतात. आपल्या बोलण्याचं त्यांना काही नाही, सवय आहे त्यांना माझी. धावलेलं चालत नाही."

ओर्तांस त्याच्याकडे बघत राहिली. रामिहाजासुद्धा.

"माफी राहिली," साहेब म्हणाले.

वेलोंजारानं क्षणभर विचार केला. "ह्यात माफी कसली, साहेब? हे मला येतं."

साहेबांनी तिसऱ्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं, आणि खाली शेऱ्याच्या जागी: 'उमेदवाराला घाई नाही. प्राण्यांनाही नसते.' सही केली. मग त्यांनी दोन्ही हातांनी कोबा घेतला, एक तुकडा ओर्तांसला दिला, दुसरा खाल्ला आणि बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही, कारण दात चिकटले होते.

दात सुटल्यावर ते म्हणाले, "माझं अर्धं राहिलंय."

"आता पहिल्यापासून करावं लागेल," वेलोंजारा हळहळून म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "घरी चला. जेवायलाच चला."

ओर्तांसनं संघाचं महत्त्वाचं काम आठवलं आणि ती ओढ्यापासूनच वेगळ्या वाटेनं पळाली.

वुआहिरानानं सूर घरात ऐकला होता. इतक्या जवळून, नऊ पन्नासला. तिनं लगेच भात चढवला होता, नवरा साहेबांना घेऊनच येणार हे धरून तीन माणसांचा, आणि पालेभाजीचा रस्सा. दोघं अंगणात आले तेव्हा ती दाराशी उभी होती.

"कार्ड?"

"मिळालं," वेलोंजारा म्हणाला.

तिनं तोंड फिरवलं, पदरानं नाक पुसलं आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे कोबा पुरला."

"कोबाचंच साहेबांना बोलायचंय," वेलोंजारा म्हणाला. "करणारी बाई हजर नव्हती, ती खंत राहिली होती."

रामिहाजांनी मफलर खांद्यावर टाकला. अंगणाची माफी झाली, उंबऱ्याची झाली. वेलोंजारानं उत्तर दिलं. साहेबांनी उत्तराला उत्तर दिलं. कोबापाशी पोहोचेपर्यंत घरात ओळखीचा वास पसरला. वुआहिराना चुलीकडे धावली, झाकण उघडलं, आणि डाव हातात घेऊन दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मी मध्येच तोडतेय," ती म्हणाली, "आणि माफी मागत नाही. लग्नाच्या वेळी एकच होता, आज दोन आहेत. भात लागला. बसा खाली."

दोघं चटईवर बसले. तिनं वरचा न लागलेला, पांढराशुभ्र भात आधी आपल्या ताटात वाढून घेतला, त्यावर रस्सा ओतला, बसली आणि स्वस्थपणे पहिला घास घेतला. साहेबांचा हात नकळत डावाकडे गेला.

वेलोंजारानं तो पटकन धरला.

"थांबा, साहेब," तो कुजबुजला. "आपली पाळी यायचीय."